कळा सुरू झाल्या, निघायचे केव्हा?

प्रश्न : मी पहिलटकरीण असून बाळंतपणासाठी माहेरी आले आहे. अडतिसावा आठवडा सुरू आहे. नाव नोंदवलेले रुग्णालय घाटरस्त्याने दीड तासावर आहे. आजी म्हणते, लवकर गेले की सिझेरियन करतात, कळा घरीच सोसाव्यात. आईला पहिल्या कळेलाच निघायचे आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आजींच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पहिलटकरणीच्या सुरुवातीच्या कळा कित्येक तास रेंगाळतात आणि त्या टप्प्यात दाखल झाल्यास पुष्कळदा नुसते पडून राहावे लागते, कधी कळा वाढवण्याचे औषधही दिले जाते. म्हणूनच, कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर आणि अशा तासभर येत राहिल्या की निघावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. मात्र हा हिशेब रुग्णालय हाकेच्या अंतरावर असणारीचा झाला. तुम्हाला त्यातून घाट वजा करावा लागेल. कळा ८-१० मिनिटांवर नियमित येऊन चढत चालल्या की रुग्णालयात फोन करून निघावे, आणि हे अंतर पुढच्या तपासणीत डॉक्टरांशी बोलून पक्के करावे.

वेळ मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजावी. हे काम घड्याळ आणि कागद देऊन आईंकडे सोपवा, म्हणजे त्यांचा जीवही गुंतून राहील. खऱ्या कळेत पोटावर हात ठेवला तर ते कपाळासारखे टणक लागते, बोलता बोलता वाक्य अर्धे तुटते, आणि चालल्याने वा कुशीवर पडल्यानेही ती हटत नाही. खोट्या कळा अशाने बहुधा विरतात. नुसता चिकट, गुलाबीसर स्राव दिसला तर लगेच धावपळ नको.

पाणी गेले तर मात्र कळा नसल्या तरी निघावे, ते हिरवट असेल तर विशेष तातडीने. लाल रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, असह्य डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर घड्याळ बघत बसू नये.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. पण तिलाही तुमच्यापर्यंत तोच घाट चढावा लागू शकतो, तेव्हा शेजारच्या एखाद्या गाडीवाल्याला आजच सांगून ठेवावे आणि तो रात्री फोन उचलतो का, हेही एकदा पाहावे.