रावेरच्या केळीच्या खोक्यावर क्यूआर कोड लावून नोंद ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकाच वेळी साठवलेल्या डिजिटल वहीत) ठेवली, तर ‘जळगाव केळी’च्या नावाने दुसरा माल खपणं थांबेल का?

अर्धंच. ब्लॉकचेनवर एकदा चढलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही, पण मुळात खोटी लिहिली तर ती खोटीच पक्की होते. घोळ होतो पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल धुऊन खोक्यात भरतात तिथे: दोन शेतांचे घड एकाच टाकीत धुतले की लॉट, म्हणजे एका शेताच्या मालाची वेगळी ओळख, संपला! म्हणून गट क्रमांक, कापणीची तारीख आणि वजन काट्यावरच नोंदवा, प्रत्येक खोक्याला वेगळा कोड द्या. एकच कोड असेल तर झेरॉक्स काढून कुठेही चिकटवतात. शिवाय हिशेब जुळवा. ६ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण १,४५० झाडं, २० किलोचा घड धरला तर २९ टन. त्याच एकराच्या नावावर ५० टन गेले, तर बाहेरचा माल घुसलाय. कंटेनरचं १३-१४ अंश तापमान मात्र सेन्सरनेच थेट नोंदवू द्या.