वाचकांचे प्रश्न : जिनिव्हाला पत्र धाडण्याआधी

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत पॅकिंग खात्यात आहे. रोज बारा तास ड्युटी. वरच्या चार तासांचे पैसे मिळतात, पण सिंगल रेटने. भारत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सदस्य आहे ना? मग थेट तिकडेच, म्हणजे तिच्या जिनिव्हाच्या मुख्यालयात, तक्रार पाठवली तर?

उत्तर : पाठवून उपयोग नाही. एकट्या कामगाराची तक्रार तिथे घेतच नाहीत. ती मालकांच्या किंवा कामगारांच्या संघटनेमार्फत जावी लागते, तीही सरकारविरुद्ध. कंपनीविरुद्ध नाही. शिवाय ज्या करारावर देशाने मान्यतेची मोहोर उमटवली आहे, त्याच्याच भंगाबद्दल. अपवाद एक : युनियन करण्याचा हक्क. त्याविषयीचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने स्वीकारलेले नाहीत, तरीही १९५१ पासून काम करणारी खास समिती त्या तक्रारी ऐकते.

तुमच्या बाबतीत तर गंमतच आहे. कामाच्या तासांचा पहिला करार १९१९चा. भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. पण त्यात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी आठवड्याला साठ तासांची खास सवलत घातलेली होती! आपल्या कारखाने कायद्याने पुढे अठ्ठेचाळीस तास ठरवले. म्हणजे जिनिव्हापेक्षा घरचा कायदा तुमच्या जास्त कामाचा.

आता हिशेब मांडा. समजा, महिन्याच्या २६ हजेऱ्यांचे १५,६०० रुपये मिळतात. दिवसाला ६००, तासाला ७५. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे तासाला १५०. रोजचे चार तास धरले तर महिन्याला १०४ तास होतात, त्याचे १५,६०० व्हायला हवेत. सिंगल रेटने हातात पडतात ७,८००. तेवढेच दरमहा बुडतात. कुठे कुठे दुप्पट देतात, पण नुसत्या बेसिकवर. महागाई भत्ता धरावाच लागतो.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. दावा नोंदणीकृत युनियनलाही करता येतो. तरी जास्तीचे तास केले, हे दाखवायला तुमच्याजवळ काही हवंच. ‘पक्क्या’ मस्टरवर आठच तास लिहिलेले असतात. खरे तास सापडतात ते गेटच्या वहीत, कंपनीच्या बसच्या वेळेत, कँटीनच्या कुपनावर, सुपरवायझरने ग्रुपवर टाकलेल्या शिफ्टच्या यादीत. रोज घरी आल्यावर वहीत आल्या-गेल्याची वेळ लिहा. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली वही लगेच ओळखू येते, शाईसुद्धा एकच असते.

अर्ज चुकीच्या दारात पडला की सहा महिने गेलेच समजा. पैशाचा दावा ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयाच्या यंत्रणेकडे. कारखान्यातले तास आणि सुरक्षितता ‘डिश’कडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. नोकरी जाण्याची भीती असेल तर ‘डिश’च्या अर्जात ‘तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे’ ही ओळ ठळक लिहा. इथे मात्र जिनिव्हा कामाला येते : कामगार निरीक्षणाचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ मध्ये स्वीकारला, आणि त्यात निरीक्षकाने तक्रार कोणी केली हे सांगायचं नाही, इतकंच काय, भेट तक्रारीवरून आहे हेही मालकाला कळू द्यायचं नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे.

प्रश्न : मुलाने जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या सामान्य खलाशाचा, कोर्स केला. बेलापूरचा एक एजंट जहाजावर लावण्यासाठी अडीच लाख ‘सर्व्हिस चार्ज’ मागतो. रोख द्या म्हणतो. द्यावेत का?

उत्तर : नाही. एक रुपयासुद्धा नाही. २००६चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. त्याच्या खिशातून फक्त पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचे सेवापुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्राचा खर्च. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा.

आधी आरपीएसएल क्रमांक, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा क्रमांक, विचारा आणि नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. नुसता क्रमांक जुळला म्हणून विश्वास ठेवू नका. परवाना निलंबित किंवा मुदत संपलेला असू शकतो, किंवा दुसऱ्याच कंपनीचा क्रमांक व्हिजिटिंग कार्डावर छापलेला. संकेतस्थळावर दिलेल्या फोनवर करा फोन, कार्डावरच्या नव्हे. मग जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, मागा. तो द्यायला ‘उद्या बघू’ झालं की उठा.

‘टुरिस्ट व्हिसावर जा, बंदरात जहाज येईल, तोवर हॉटेलात राहा’ हे वाक्य कानावर पडलं तर समजा, मुलगा अडकणार. त्याचं साइन-ऑन, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याची नोंद, महासंचालनालयाच्या प्रणालीत चढत नाही, आणि मग जहाजावर घालवलेले महिने सी-टाइममध्ये, म्हणजे समुद्रावरच्या सेवेत, धरले जात नाहीत. पुढच्या परीक्षेच्या वेळी रडायची पाळी येते. नोकरीच्या कराराची सही केलेली प्रत मुलाच्या हाती असल्याशिवाय विमानात बसू देऊ नका.

जहाजावर गेल्यावर त्याला तीन आकडे पाठ हवेत. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, तीही फार तर दोन तुकड्यांत आणि त्यातली एक सलग सहा तासांची. सात दिवसांत किमान ७७ तास. पगार दोन महिने थकला तर जहाज ‘सोडून दिलेलं’ मानता येतं. मालकाच्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर फलकाला लावलेलं असतं, त्यावर मदतीचा संपर्क असतो. चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार त्यातून मिळू शकतो. पहिल्याच दिवशी त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. भांडण झाल्यावर तो कागद फलकावर राहील याची खात्री नाही.

पैसे आधीच दिले असतील तर एजंटाचे मेसेज पुसू नका. पोलिसांत आणि नौवहन महासंचालनालयात, दोन्हीकडे तक्रार द्या.

प्रश्न : वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये साठ-पासष्ट किलोच्या गोण्या उतरवाव्या लागतात. जागतिक नियम काय म्हणतो?

उत्तर : १९६७चा १२७ क्रमांकाचा करार, भारताने २०१० मध्ये मान्य केला. त्यात मात्र आकडाच नाही! तब्येतीला अपाय होईल एवढं ओझं उचलायला लावू नये, इतकंच. ५५ किलो हा आकडा सोबतच्या शिफारशीत आहे, प्रौढ पुरुषासाठी, आणि शिफारस बंधनकारक नसते. बाजारात गोणीला असलेली पन्नास किलोची मर्यादा त्याहून कडक आहे, तिचाच आधार घ्या.

गोणी जड का होते? हमाली गोणीमागे ठरते. पन्नासच्या सहा गोण्यांचा माल साठच्या पाचांत बसवला की एक हमाली वाचली. ती वाचते तुमच्या मणक्यातून. म्हणून ट्रक उघडल्याबरोबर, उतराई सुरू होण्याआधी, टोळीने दोन-तीन गोण्या काट्यावर ठेवाव्यात, काट्याचा आकडा आणि गोणीवरची खूण एकाच फोटोत घ्यावी, आणि मुकादमामार्फत बाजार समितीला व हमालांच्या माथाडी मंडळाला त्याच दिवशी लेखी द्यावं. माल गाळ्यात गेला, गोण्या फुटल्या, की मग कोणती गोणी किती किलोची होती हे कोणीच सांगू शकत नाही.