एक्स्ट्रामध्ये बसणारी मुलगी आणि दहावीचं वर्ष

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी नववीत, दोन वर्षं शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे पण मॅचला उतरवत नाहीत, बारा जणींच्या यादीत नाव असतं आणि बसते एक्स्ट्रामध्ये. सकाळी साडेसहाला ग्राउंड, पुढच्या वर्षी दहावी. तिचे बाबा म्हणतात खेळवतच नाहीत तर जायचं कशाला, ती म्हणते सोडणार नाही. आणि पालक सभेत सर म्हणाले की खेळानं मुलांचं व्यक्तिमत्त्व घडतं, तर हे खरं की शाळावाले उगाच बोलतात, असं तुम्ही विचारलंय.

स्पष्टच सांगतो, नुसतं ग्राउंडवर गेल्यानं काही घडत नाही. 1971 मध्येच ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको या दोन अमेरिकन सायकॉलॉजिस्टनी लिहिलं होतं की खेळामुळे कॅरेक्टर घडतं याला पुरावा मिळत नाही, उलट जी मुलं मुळात चिवट असतात तीच त्यात टिकतात. मला हे बऱ्यापैकी पटतं, कारण ग्राउंडवर वाढलेली पण एक नंबर लबाड माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. पण याचा अर्थ खेळ फुकट असा होत नाही, खेळात रोज असे प्रसंग येतात जे वर्गात येतच नाहीत, आणि त्या प्रसंगी शेजारी उभा असलेला मोठा माणूस काय बोलतो त्यावर सगळं ठरतं.

तुमच्या लेकीचाच खेळ घ्या. आठ जणी मध्यपाटीत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारचीचं तिकडे, आणि नववी मुलगी रनरच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या पळणाऱ्या मुलीच्या, मागे. ही पाठलाग करणारी एकदा एका दिशेला निघाली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. रनर हातभर पुढे आहे, आत्ता टच होईल असं वाटतंय आणि तेवढ्यात ती सटकन मधून पलीकडे जाते. आता पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला मागून खो द्यायचा, म्हणजे एवढी धाव हिची आणि आऊट लागणार दुसरीच्या नावावर. ताई, हे चौदा वर्षांच्या पोरीच्या जिवावर येतं हो! काही मुली खो देतच नाहीत, धाप लागेपर्यंत एकट्याच पळत राहतात आणि तिकडे डावाचा वेळ संपतो. आणि बसलेलीचंही सोपं नाही, टाच उचलून तयार बसायचं पण खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल. दुसऱ्यावर भरवसा टाकणं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं, दोन्ही इथे अक्षरशः अंगात भिनवावं लागतं.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा. शालेय मॅचला कॅमेरे वगैरे नसतात, पंचांची नजर जाईल तेवढीच. रनरच्या पाठीला बोट लागलेलं असतं, तिला कळलेलं असतं, पंचांनी शिट्टी दिलेली नसते. आता ती थांबते की पळत राहते? आणि सर बाहेरून काय ओरडतात? "पळ, पळ, दिलेलं नाही" असं ओरडत असतील तर मुलगी तेही शिकतेच की. व्यक्तिमत्त्व तेव्हाही घडतं, फक्त तुम्हाला हवं तसं नाही.

म्हणून माझं म्हणणं, खेळ सोडायचा की नाही हे ठरवायच्या आधी एकदा तालुक्याच्या किंवा निदान दोन शाळांच्या फ्रेंडली मॅचला जाऊन शांतपणे बाजूला उभ्या राहा. हरल्यावर सर मुलींशी कसं बोलतात, चूक झालेल्या मुलीला सगळ्यांसमोर झापतात की बाजूला घेतात. आणि एक्स्ट्राच्या तिघींना मॅच चालू असताना काही काम आहे का, समोरच्या टीमची कुठली रनर कुठल्या बाजूला वळते हे बघायला सांगितलंय का, की त्या फक्त पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळतायत? चपलाच सांभाळत असतील आणि प्रॅक्टिसलाही पळायला मिळत नसेल तर बाबांचं बरोबर आहे असं मी म्हणेन.

पण त्याआधी एक गोष्ट मुलीनंच करायची, तुम्ही नाही. सरांकडे जाऊन विचारायचं, "सर, मी कुठे कमी पडते, काय सुधारलं तर मला घ्याल?" बहुतेक मुलांना हे एक वाक्य बोलता येत नाही, पुढे नोकरीतही बोलता येत नाही, अप्रेझल झालं की घरी येऊन चिडचिड करतात. सर म्हणाले स्पीड कमी आहे तर स्पीडवर काम करेल, उडवून लावलं तर तेही कळलं.

आता खेळाच्या सर्टिफिकेटचं. त्यावर हिशोब मांडू नका. खेळाचे ग्रेस मार्क कुठल्या लेव्हलला काय कामगिरी केली त्यावर असतात आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण तर फार वरच्या लेव्हलच्या खेळाडूंसाठी, तालुका-जिल्हा खेळून तिथे पोहोचत नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोघंही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या खो-खोवाल्या घरांना वाटतं आता यात करिअर आहे. असेल, पण मोजक्यांना. तुमच्या लेकीला ग्राउंड आवडतं हे मात्र कामाचं आहे, बारावीनंतर फिजिओथेरपी आहे, ग्रॅज्युएशन करून बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, पंच परीक्षा आहे, आणि पोलीस भरतीत मैदानी 50 मार्कांची असते, मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, तिथे शाळेपासून पळालेल्या मुलींचा दम वेगळाच दिसतो.

दहावीची भीती जरा कमी करा. शालेय स्पर्धांचा मोसम साधारण पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या पुढेमागे संपतो, बोर्डाची परीक्षा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. तोपर्यंत खेळू दे आणि प्रिलिम जवळ आली की ग्राउंड अर्ध्या तासावर आणा, एकदम बंद करू नका, दिवसभर खुर्चीत बसलेली मुलगी जास्त अभ्यास करते हा आपल्याकडचा एक आवडता गैरसमज आहे. क्लास सकाळचा असेल तर बॅच बदलून मिळते का बघा, बहुतेक ठिकाणी विचारलं तर मिळते, आपण विचारत नाही.

आणि मॅच बघायला जाल तेव्हा बाबांना घेऊन जा. त्यांनी दोन वर्षांत एकही मॅच बघितलेली नाही असं तुम्हीच लिहिलंय.