फोर्टमधलं आधुनिक कला संग्रहालय : जाण्याआधी विचारायच्या गोष्टी

‘कलादालन बघायला जाताना’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रं मुंबईतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाबद्दलच आली. म्हणून या खेपेला तेवढ्यावरच बोलू.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत, पुण्यात राहतो. सकाळी निघून रात्री घरी परतायचं आहे. एका दिवसात संग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरचं मोठं म्युझियम असं तिन्ही होईल का?

दोन होतील. तिसरं केलंत तर तिन्ही अर्धवट राहतील.

डेक्कन क्वीन पुण्याहून ७.१५ला निघते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते. संग्रहालय ११ला उघडतं. सीएसएमटीपासून डी. एन. रोड, हुतात्मा चौक, काळा घोडा असं रमतगमत चालत गेलात तर साधारण २५ मिनिटं लागतात. चालायचं नसेल तर भुयारी मेट्रोने एकच स्टेशन, हुतात्मा चौक, आणि तिथून दहा-बारा मिनिटं पायी. मात्र गाडीतून उतरल्यावर आधी काहीतरी खाऊन घ्या. उपाशीपोटी चित्रं बघणाऱ्याचं लक्ष अर्ध्या तासात घड्याळाकडे जातं.

आत दोन तास धरा, त्याहून जास्त नको. सव्वा वाजता बाहेर पडून जेवण. त्यानंतर तासभर जहांगीर. तिथे प्रवेश विनामूल्य आहे आणि प्रदर्शनं बहुधा आठवड्याने बदलतात, त्यामुळे चार दालनांत चार तऱ्हा बघायला मिळतात. एखादी आवडली नाही तर पाच मिनिटांत बाहेर पडा, कोणी काही म्हणत नाही. परतीची डेक्कन क्वीन ५.१०ची आहे. सव्वाचारला काळा घोडा सोडा. संध्याकाळी त्या रस्त्यावर टॅक्सी मिळाली तरी ती हलेलच असं नाही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे तुम्ही म्हणता ते ‘समोरचं मोठं म्युझियम’, त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

प्रश्न : सोमवारी बंद असतं एवढं ठाऊक आहे. बाकी कधीही गेलं तर चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक नेमके इथेच फसतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात संग्रहातली चित्रं कायम मांडलेली असतात, त्यामुळे तिथे कधीही गेलं तरी काही ना काही बघायला मिळतं. मुंबईत तसं नाही. इथे बहुतेक वेळा तळापासून घुमटापर्यंत अख्खी इमारत एकाच प्रदर्शनाला दिलेली असते. ते संपलं की पुढचं लागेपर्यंत दालनं बंद. मधले दिवस रिकामे दिसले तरी कामाचे असतात. जुनी चित्रं उतरवायची, प्रत्येकाची अवस्था तपासून टिपून ठेवायची (कुठे रंग उचकटलाय, कुठे चौकटीचा कोपरा दबलाय), पेट्यांत भरायची. भिंतींवरची भोकं बुजवायची, रंग द्यायचा, तो नीट वाळू द्यायचा. ओल्या रंगाची वाफ चित्राला बाधते. बाहेरगावाहून आलेल्या पेट्याही लगेच उघडत नाहीत. आतल्या हवेशी जुळवून घ्यायला त्यांना साधारण २४ तास तशाच ठेवतात, नाहीतर मुंबईच्या दमटपणात कॅनव्हास आणि लाकूड एकदम फुगतं. हे सगळं आवरेपर्यंत तुम्ही दारात उभे असाल तर पहारेकरी तरी काय करणार?

म्हणून तारीख ठरवण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. सध्या कोणतं प्रदर्शन चालू आहे? सगळे मजले उघडे आहेत का? शेवटचा दिवस कोणता? यातला दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग वरची दालनं बंद बघून हिरमुसतात. वेळ ११ ते ६ आहे, पण पाचच्या आत तिकीट काढा. भारतीयांना २० रुपये, परदेशी नागरिकांना ५००. सुटे पैसे आणि ओळखपत्र जवळ असू द्या. सोमवारप्रमाणे राष्ट्रीय सुट्ट्यांनाही बंद असतं. २६ जानेवारीला मुलांना घेऊन निघणारे दरवर्षी निघतात!

प्रश्न : अमृता शेरगिलची चित्रं मुंबईत बघायला मिळतील का?

त्यांच्यावरचं किंवा त्यांना सामावणारं प्रदर्शन लागलं असेल तरच. त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये आहे. ते १९५४ साली सुरू झालं, मुंबईचं १९९६ साली. शेरगिलसाठीच जायचं असेल तर तिकीट दिल्लीचं काढा.

प्रश्न : टॅक्सीवाल्याला काय सांगायचं? मागे एकदा ‘जहांगीर’ म्हटलं आणि भलतीकडे उतरलो.

घोळ नावांचा आहे. संग्रहालयाच्या इमारतीचं नाव सर कावसजी जहांगीर हॉल, १९११चा. जहांगीर आर्ट गॅलरी वेगळी, १९५२ची. ती याच घराण्यातल्या सर कावसजींनी आपल्या मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ बांधून दिली. दोन्हींत चार-पाच मिनिटांचं अंतर आहे, पण उन्हात तेवढंही चुकलेलं नको वाटतं.

आणि नुसतं ‘म्युझियम’ म्हटलंत तर मुंबईत त्याचा अर्थ एकच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. बेस्टचा थांबाही त्याच नावाने ओळखतात. तेव्हा ‘रीगल सिनेमा’ सांगा. रीगलच्या चौकात उतरलात की संग्रहालय समोर दिसतं. हा हॉल, समोरचं म्युझियम आणि पुढचं गेटवे ऑफ इंडिया, तिन्ही जॉर्ज विटेट या एकाच वास्तुरचनाकाराची कामं आहेत. दगड जवळून बघाल तर नातं कळेल.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. आत किती चढउतार आहे?

बऱ्यापैकी आहे. हा मुळात सभागृह होता. इथे मैफली झाल्या, सभा गाजल्या. पुढे इमारत ओस पडली. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालन चालवणारे केकू गांधी यांनी पाठपुरावा केला, आणि वास्तुरचनाकार रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार त्या एका उंच पोकळीत अर्धगोल दालनं एकावर एक बसवली गेली. त्यामुळे बघणारा जिन्याने वळत वळत वर जातो आणि शेवटी घुमटाखाली पोचतो. बघायला सुंदर, गुडघ्यांना त्रासाचं.

फोन करालच, तेव्हा पायऱ्या टाळून वर जाण्याची सोय त्या दिवशी मिळेल का आणि चाकाची खुर्ची मिळेल का, हेही विचारून घ्या. नाहीच जमलं तर तळमजला सासूबाईंबरोबर सावकाश बघा. मग एकाने त्यांच्यापाशी बसावं, दुसऱ्याने वर जावं, नंतर अदलाबदल. सगळ्यांनी मिळून सगळं बघायचा हट्ट धरला की कोणाचंच धड बघणं होत नाही.

प्रश्न : अमूर्त चित्रांसमोर मी अक्षरशः ठोंब्यासारखा उभा राहतो. काय बघायचं असतं?

अर्थ शोधू नका, आधी चित्र कसं केलंय ते बघा. त्याला चित्रकलेचं शिक्षण लागत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घेऊ. जन्म नागपूरचा, १९२४चा, शिक्षण जे. जे.त. त्यांचं चित्र समोर आलं तर पहिल्यांदा तीन-चार मीटर लांब उभे राहा. पिवळट, राखाडी किंवा हिरवट रंगाचं एक धुकं दिसेल आणि त्यात काही आकार तरंगताना दिसतील. आता दोरीच्या किंवा रेषेच्या अलीकडे राहूनच जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि मुख्य म्हणजे बाजूला सरका. चित्राकडे तिरपं बघा, गालिच्याची लव बघतो तसं. दिव्याचा उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल आणि जे धुकं वाटत होतं त्याचे थर दिसू लागतील. कुठे रंग जाड, कुठे खरवडून खालचा थर उघडा केलेला, कुठे कडा कापल्यासारखी धारदार. कुंचल्याचे फटकारे फारसे सापडणार नाहीत, कारण ते रोलर आणि रंग लावायची पातळ सुरी वापरत. एक थर लावायचा, थोडा काढायचा, पुन्हा लावायचा. हे लक्षात आलं की पुन्हा मागे जा. तेच धुकं आता वेगळं दिसतं. या येरझाऱ्यांना पाच मिनिटं लागतात, आणि दोन तासांत अशी पाच-सहा चित्रं झाली तरी दिवस सार्थकी लागला समजा. बाकीच्यांवरून नजर फिरवत जायला हरकत नाही.

नावात उत्तर शोधू नका. ‘शीर्षकविना’ लिहिलेलं असेल तर चित्रकाराने मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. पाटीवरची माध्यमाची ओळ मात्र जरूर वाचा, ती सगळ्यात कामाची. ‘कॅनव्हासवर तैलरंग’ आणि ‘बोर्डावर ॲक्रिलिक’ यांत रंग वाळण्याचा फरक आहे. तैलरंग पुरता वाळायला काही महिने लागतात, म्हणून चित्रकार त्यात ढवळाढवळ करू शकतो. ॲक्रिलिक थोड्या वेळात वाळतं, तिथे निर्णय झटपट घ्यावे लागतात. मापात आधी उंची, मग रुंदी. आणि मुद्राचित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ‘३/२५’ असं काही दिसलं तर ती किंमत किंवा तारीख नव्हे. एकाच ठशावरून काढलेल्या २५ प्रतींपैकी ही तिसरी.

नावं ओळखीची असली की हायसं वाटतं, म्हणून एक यादी डोक्यात ठेवा : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणारे हे सहा जण. यांच्यातले पाच चित्रकार आणि बाकरे शिल्पकार, त्यामुळे ‘सहा चित्रकार’ असं कुठे वाचलंत तर दुरुस्त करा.

प्रश्न : काही दालनांत इतका मंद उजेड का असतो? आणि फ्लॅश का चालत नाही?

कागदावरची कामं, जलरंग, जुनी छायाचित्रं, कापड यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवायचा संकेत आहे. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. तुमच्या लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतो, त्या मानाने तो अंधारच. उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही. आज थोडा रंग उडाला, उद्या आणखी थोडा. म्हणूनच कागदावरची कामं काही महिने दाखवून पुन्हा अंधारात ठेवतात. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं थांबा, डोळे सरावतात.

फ्लॅशमुळे शेजारच्यांचं बघणं मोडतं हे तर आहेच. साधे फोटोही प्रत्येक प्रदर्शनात चालतातच असं नाही, कारण उसनी आणलेली कामं असली तर मालकाची अट असते. खिडकीवरच विचारा. पाठीवरची सॅक काउंटरवर ठेवायला सांगतात, त्यावर वाद घालू नका. माणूस चित्र बघायला मागे सरकतो आणि पाठीमागे शिल्प आहे हे सॅकला कळत नाही. ओल्या छत्रीचंही तेच.

प्रश्न : मी चित्रकला शिक्षक आहे. इंटरमिजिएटला बसणारी ४० मुलं रत्नागिरीहून आणायची आहेत. पूर्वतयारी काय करू?

तीन-चार आठवडे आधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. त्यात तारीख, वेळ, मुलांची संख्या, इयत्ता, सोबतचे शिक्षक आणि तुमचा मोबाइल नंबर लिहा. मार्गदर्शक हवा असेल आणि मुलांना रेखाटनं करू द्यायची असतील तर त्याच पत्रात स्पष्ट मागा. ऐन वेळी वह्या काढल्या की अडवतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, ते दिवस टाळा. ४० मुलं त्या गर्दीत सांभाळणं कठीण.

चाळीस जण एकदम आत नेऊ नका. दालनं अर्धगोल आणि अरुंद आहेत, मागच्या रांगेला पुढच्यांची डोकीच दिसतात. तेरा-चौदाचे तीन गट करा, प्रत्येकाला एक शिक्षक. एक गट वरून खाली, एक खालून वर, तिसरा तेवढ्यात जहांगीरमध्ये. बस रीगलच्या चौकात थांबू देत नाहीत. मुलं उतरवून चालकाला पुढे पाठवा आणि परतीची वेळ मिनिटासकट ठरवून ठेवा.

सामान : टोक केलेल्या दोन एचबी पेन्सिली आणि क्लिप असलेलं ए-४ पॅड. रंग, शाईचे पेन, कोळसा, पाण्याची बाटली बसमध्ये. शार्पनरही. काम एकच द्या. प्रत्येकाने एक चित्र निवडायचं, त्यातली गडद आणि फिकी जागा फक्त तीन छटांत मांडायची, तळहाताएवढ्या चौकोनात, १५ मिनिटांत. हुबेहूब नक्कल काढायला सांगितलीत तर अर्धी मुलं नाकातच अडकतात. चित्राखाली चित्रकाराचं नाव, साल आणि माध्यम लिहायला लावा. परीक्षेत स्मरणचित्राला त्याचा थेट उपयोग नाही, पण रचना करताना छटा तोलायची सवय लागते.

प्रश्न : बघून झाल्यावर जहांगीरमधल्या समोवारमध्ये चहा घ्यायचा बेत आहे. किती वाजेपर्यंत चालू असतं?

समोवार २०१५ साली बंद झालं. चहा कुलाबा कॉजवेवर घ्या.