स्कॅन झाल्यावर जुनी लेबलं, तिकिटं टाकून दिली तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा तिघांचा डिझाइन स्टुडिओ आहे. जुनी लेबलं, तिकिटं, पोस्टरं अशी रोज एक 'सापडलेली वस्तू' लोकांपुढे ठेवायची आहे. ती शोधायची कुठे, आणि जागा कमी असल्यामुळे स्कॅन झाल्यावर मूळ कागद टाकून दिले तर चालतील का, असा तुमचा प्रश्न आहे.

नाही चालणार. कुठे शोधायचं ते खाली सांगते, पण दुसऱ्या प्रश्नाने माझी जुनी खपली निघाली, म्हणून आधी तेच.

आमचाही स्टुडिओ तिघांचाच होता. मोठे कागद सपाट ठेवायला आम्ही एक जुनं, रुंद खणांचं कपाट घेतलं होतं. सगळ्यात खालच्या खणाच्या तळाशी एक कागद अंथरलेला होता, छापील बाजू खाली करून. उलटा केला तर पेन्सिलींच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं! आडवी चार, उभी चार, एकूण १६, अजून न कापलेली. प्रत्येकावर फांदीवर बसलेला पोपट, लाल चोच, खाली लोंबणारी लांब शेपटी आणि निळ्या अक्षरांत मजकूर. कडेच्या कोऱ्या पट्टीत कुठे कापायचं ते सांगणारे कटमार्क, रंग जुळवायला पिवळा, निळा, लाल अशा तिन्ही रंगांच्या बारीक फुल्या आणि रंग एकमेकांवर कसे बसतात ते दाखवणारे छोटे चौकोन.

पोपट हिरवा होता, पण कागदावर हिरवी शाई कुठेच नव्हती. भिंगातून पाहिलं तर पिवळ्यावर निळा चढवलेला. शेपटीच्या टोकाला निळा संपत होता आणि त्याच्या पुढे केसाएवढी पिवळी कड डोकावत होती. रजिस्टर हललंय, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, असं म्हणून मी भिंग पुढे सरकवलं, आणि मग लक्षात आलं की ही कड सगळ्या पोपटांना सारखी नाही. सगळ्यात वरच्या ओळीत ती जवळजवळ नव्हतीच. दुसऱ्या ओळीत जेमतेम दिसत होती. सगळ्यात खालच्या ओळीत चांगली अर्धा मिलिमीटर. कडेच्या फुल्याही तेच सांगत होत्या: वरच्या कोपऱ्यात तिन्ही रंगांची मिळून एकच फुली, खालच्या कोपऱ्यात पिवळी स्पष्ट वेगळी पडलेली.

कारण कागद. एकरंगी मशीनवर प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा आत जातो. लिथो आणि ऑफसेट या सपाट पृष्ठभागावरून होणाऱ्या छपाईत प्लेटला पाणी लागतं, त्यातलं थोडं कागद पितो, शिवाय दोन रंगांच्या मध्ये हवेतला दमटपणा वेगळाच. कागदाचा तंतू ओलाव्याने लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त ताणतो. ५० सेंटिमीटरचा कागद ०.१ टक्का वाढला तरी अर्धा मिलिमीटर झाला. मशीन ज्या कडेला कागद पकडतं तिथे रंग नीट बसतात, आणि लांब जावं तसा फरक साठत जातो. म्हणजे त्या एका कागदावर कोणती बाजू मशीनने धरली होती, तंतू कोणत्या दिशेने होते आणि पिवळा आधी छापला की निळा, हे सगळं शाबूत होतं. हे मी नुसतं डोळ्यांनी पाहिलं होतं. मोजायचं राहिलं होतं.

दोन दिवस मी बाहेर होते. परत आले तर माझ्या टेबलावर एक पोपट फ्रेममध्ये बसवून ठेवलेला. माझ्या भागीदाराने तो कागद कटरवर घालून १६ तुकडे केले होते, एक फ्रेम केला आणि उरलेले ओळखीच्या लोकांना भेट म्हणून पाठवूनही दिले. कडेच्या पट्ट्या रद्दीत गेल्या होत्या आणि रद्दी त्याच सकाळी गेली होती. त्याने मनापासून, मला आनंद होईल म्हणून केलं होतं. मी काहीच बोलेना, तेव्हा म्हणाला, "अगं, सोळाच्या सोळा सारखीच तर होती. एक आपल्याकडे आहे, त्याचा सहाशे डीपीआयचा स्कॅन आहे. गेलं काय?"

स्कॅन मी उघडून पाहिला. त्यात त्याने पिवळी कड पुसली होती आणि पोपटात एकसारखा सपाट हिरवा भरला होता. तो लोकांपुढे ठेवल्यावर कौतुकही पुष्कळ झालं. "गेलं काय" याचं उत्तर मला त्या दिवशी नीट देता आलं नाही, नुसतं भांडण झालं.

तेव्हा आता देते. ती सारखी नव्हती. सोळा लेबलं म्हणजे एकाच मोजमापाच्या सोळा नोंदी होत्या, आणि नोंदींचा क्रम कागदाच्या जागेत होता. कापल्यावर उरलं ते सोळा वेळा एक गोड चित्र. गोड चित्रांचा तुटवडा कुणालाच नाही.

पुढे एका कामात त्याने 'जुन्या छपाईचा फील' म्हणून पाकिटांच्या संपूर्ण संचावर पिवळी कड दिली. प्रत्येक पाकिटावर त्याच बाजूला, तेवढीच. लोकांना आवडलं असेल, मला ते बघवत नाही. रंग सरकणं ही सजावट नसते, त्यामागे कारण असतं, आणि कारण माहीत नसलं की नक्कल अशी एकसारखी होते. म्हणूनच 'प्रेरणा मिळते' एवढ्यासाठी वस्तू जमवणाऱ्यांशी माझं जमत नाही. वस्तू कशी बनली ते कळलं, तर तिच्यातून काम करण्याची रीत मिळते. तीन शाया परवडतात म्हणून पोपट निवडणारा तो चित्रकार आपल्यापेक्षा हुशार होता: पिवळा, निळा, लाल, आणि हिरवा फुकटात.

आता तुमचं. रोज एक वस्तू लोकांपुढे ठेवू नका, आठवड्याला एक पुरे. उरलेल्या दिवसांत त्या एकाच वस्तूकडे भिंगातून बघा. अक्षरांच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार झाली असेल आणि मागून बोट फिरवल्यावर उठाव लागत असेल, तर ती खिळ्यांची, म्हणजे धातूच्या उठावदार अक्षरांची छपाई. देवनागरी मजकूर असेल तर शिरोरेषा बघा. दोन खिळ्यांच्या जोडावर तिला बारीक फट दिसते, आणि खिळे झिजलेले असतील तर जास्तच. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसल्या तर ग्रॅव्ह्युअर, म्हणजे खोदलेल्या सिलिंडरवरून केलेली छपाई. ठिपके ओळीने, फुलासारखी नक्षी करत असतील तर चार रंगांच्या ठिपक्यांच्या जाळीची, म्हणजे स्क्रीनची छपाई; तेच ठिपके हाताने टिपल्यासारखे वेडेवाकडे असतील तर जुनी रंगीत शिळाछपाई, जिथे प्रत्येक रंगाचा दगड माणसाने वेगळा रंगवलेला असायचा. कागद अतिनील दिव्याखाली निळसर झळकला तर त्यात चमक आणणारं रसायन आहे, म्हणजे तो साधारण १९५० नंतरचा.

स्कॅन करताना मागची बाजूसुद्धा घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, कडा कापू नका. मूळ फाइल साफ करू नका. करायचीच तर प्रतीवर करा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको, पीव्हीसीची पाकिटंही नकोत. पॉलिएस्टरची किंवा आम्लमुक्त कागदाची पाकिटं घ्या. वर्तमानपत्राचा कागद वेगळा ठेवा, त्यातल्या लिग्निनपासून, म्हणजे लाकडातल्या एका घटकापासून, सुटणारं आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. मागे मऊ पेन्सिलीने लिहा: कुठे सापडलं, कधी, कशाच्या आत. 'कशाच्या आत' हे लोक हमखास विसरतात.

कुठे शोधायचं? जिथे कागद कागद म्हणून वापरला गेला तिथे. खणांचे तळ, जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचे अस्तर, फ्रेमच्या पाठी, बंद पडलेल्या छापखान्यांतले नमुन्यांचे गठ्ठे. जॉन जॉन्सन हा ऑक्सफर्ड विद्यापीठाचा मुद्रक, पण तरुणपणी तो इजिप्तमध्ये उकिरडे खणून पपायरसचे, म्हणजे प्राचीन लव्हाळी कागदाचे, तुकडे शोधत होता. पुढे त्याने आपल्याच काळाच्या रद्दीकडे त्याच नजरेने पाहिलं आणि तिकिटं, जाहिराती, वेष्टनं जमवली. तो संग्रह १९६८ पासून ऑक्सफर्डच्याच बोडलियन ग्रंथालयात आहे आणि त्यातलं पुष्कळ ऑनलाइन बघता येतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरफॉर्म आर्काइव्ह या अक्षरकला आणि छपाईच्या संग्रहातल्या वस्तूही ऑनलाइन अगदी जवळून बघता येतात. खरेदीला निघण्याआधी तिथे महिनाभर नजर तयार करा.

दोन गोष्टी राहिल्या. जुनं म्हणजे हक्कमुक्त असं समजू नका. चित्रकार माहीत नसला तरी हक्क शिल्लक असू शकतो, म्हणून दाखवणं वेगळं आणि त्यावरून विकायचं काही बनवणं वेगळं. आणि सगळंच ठेवा असंही मी म्हणत नाही. बुरशी लागलेला कागद बाकीच्यांपासून लगेच दूर करा, तो तुम्हाला टाकावाही लागेल. माझ्या भागीदाराच्या बाजूनेही एक सांगायला हवं: तो पोपट त्याने दाखवला म्हणून लोकांनी पाहिला. मी तो खणातच जपत बसले असते.

भेट गेलेल्यांपैकी आठ लेबलं मी मागून मागून परत मिळवली. फ्रेममधलं धरून नऊ. शेपटीची पिवळी कड मोजून कोणतं कोणत्या ओळीतलं ते लागलं: पहिल्या ओळीतलं एक, दुसऱ्यातली तीन, तिसऱ्यातली दोन, शेवटच्या ओळीतली तीन. ओळीतली आडवी जागा मात्र लागत नाही, कारण त्या दिशेला कागद फारसा ताणलाच नव्हता. ती कडेच्या पट्टीवरून लागली असती.