वाचकांचे प्रश्न : ट्रेनी अप्रेझरचा लॉग आणि वर्कफाइल

अमेरिकेत मालमत्ता मूल्यांकनाचं काम शिकणाऱ्या वाचकांनी गेल्या काही आठवड्यांत नोंदींविषयी बरंच विचारलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. लॉग म्हणजे ट्रेनी अप्रेझरच्या (शिकाऊ मूल्यांकनकाराच्या) कामाच्या अनुभवाची नोंदवही, आणि वर्कफाइल म्हणजे एकेका मूल्यांकनाच्या कागदपत्रांची फाइल. इथे दिलेल्या अटी राष्ट्रीय किमान अटी आहेत. मूल्यांकनकारांना परवाना देणाऱ्या राज्याच्या मंडळाला त्याहून कडक नियम करता येतात, म्हणून परवान्याच्या अर्जाचा नमुना पहिल्याच आठवड्यात मंडळाकडून मागवून घ्या.

प्रश्न : माझे सुपरवायझर म्हणतात, लॉग अर्ज करायच्या वेळी एकदम भरू. चालेल का?

नाही. वर्षभरापूर्वीच्या एखाद्या घराचं मोजमाप कुणी केलं आणि समायोजनं (तुलनेच्या घरांतल्या फरकांसाठी किमतीत केलेली वाढ-घट) कुणी काढली हे तेव्हा दोघांनाही आठवणार नाही. मग अंदाजाने लिहिलं जातं आणि तपासणीत तो अंदाज उघडा पडतो. शिवाय लॉग ठेवण्याची जबाबदारी ट्रेनी आणि सुपरवायझर या दोघांचीही आहे.

प्रत्येक नोंदीत मालमत्तेचा प्रकार, पत्ता, रिपोर्टची तारीख, तुम्ही केलेल्या कामाचं वर्णन, सुपरवायझरनी काय तपासलं आणि देखरेख कुठवर केली, आणि तुमचे प्रत्यक्ष तास एवढं हवंच. त्याखाली सुपरवायझरची सही आणि त्यांचा राज्य प्रमाणपत्र क्रमांक. तारखेत घोटाळा फार होतो. पाहणीची तारीख, मूल्य ज्या दिवसाचं आहे ती तारीख आणि रिपोर्टवरची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. लॉगमध्ये रिपोर्टची लागते. बाकीच्या दोन स्वतःसाठी शेजारच्या रकान्यात ठेवा, पुढे फाइल शोधताना उपयोगी पडतात.

वर्णनात नुसतं ‘रिपोर्टला मदत केली’ लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा : ‘सुपरवायझरसोबत आतून-बाहेरून पाहणी. मोजमाप आणि स्केच मी केलं. तुलनेसाठी 9 विक्री शोधल्या, 4 ठेवल्या. समायोजनांचा पहिला मसुदा माझा. कॉस्ट अ‍ॅप्रोचमध्ये सहभाग नाही. सुपरवायझरनी सर्व विक्री तपासल्या, क्षेत्रफळाचं समायोजन बदललं.’ (कॉस्ट अ‍ॅप्रोच म्हणजे बांधकामाच्या खर्चावरून मूल्य काढण्याची पद्धत.) जे केलं नाही तेही लिहिल्याने बाकीच्या नोंदीवर विश्वास बसतो.

नोंद त्याच दिवशी करा आणि सही महिन्याच्या महिन्याला घ्या.

प्रश्न : तास कसे मोजायचे? एका घराला ठरावीक तास धरले तर?

धरू नका. घड्याळाप्रमाणे, पाव-पाव तासाच्या हिशेबाने लिहा. सलग 40 घरांपुढे 12 तासच दिसले की तपासणारा तिथेच थांबतो. साधं घर आणि तळघर, वाढीव बांधकाम असलेलं गुंतागुंतीचं घर यांना सारखा वेळ लागूच शकत नाही. दुसरी चूक म्हणजे एकाच दिवशी तीन रिपोर्टवर मिळून अशक्य वाटावेत इतके तास. आठवड्याच्या शेवटी रोजची बेरीज करून पाहिली की ही चूक लगेच सापडते.

परवान्याच्या तीन पातळ्यांसाठी किमान अटी अशा : लायसन्स्ड रेसिडेन्शियलसाठी 1,000 तास, किमान 6 महिन्यांत. सर्टिफाइड रेसिडेन्शियलसाठी 1,500 तास, किमान 12 महिन्यांत. सर्टिफाइड जनरलसाठी 3,000 तास, किमान 18 महिन्यांत, आणि त्यातले 1,500 तास बिगर-निवासी मालमत्तांचे. तास लवकर भरले तरी महिने भरावेच लागतात. जनरलचा विचार असेल तर बिगर-निवासी तासांचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. अभ्यासक्रमाचे वर्गातले तास हा वेगळा हिशेब आहे, ते यात मिसळू नका.

प्रश्न : लॉग नीट असेल तर वर्कफाइलमध्ये मी लक्ष घालायची गरज आहे का?

आहे. मंडळ लॉगमधल्या काही नोंदी निवडून त्यांचे रिपोर्ट आणि वर्कफाइल मागवू शकतं. लॉग म्हणतो ‘मोजमाप मी केलं’ आणि फाइलमध्ये जागेवरचं स्केचच नाही, तर त्या तासांना आधार राहत नाही.

युस्पॅपच्या (अमेरिकेतल्या मूल्यांकनाच्या व्यावसायिक मानकांच्या) नियमाप्रमाणे रिपोर्ट बाहेर जाण्याआधी वर्कफाइल अस्तित्वात असायला हवी. तिच्यात ग्राहकाचं नाव, रिपोर्ट वापरणार असलेल्या इतरांची ओळख, पाठवलेल्या प्रत्येक लेखी रिपोर्टची जशीच्या तशी प्रत, तोंडी रिपोर्ट किंवा साक्ष दिली असेल तर तिचा सारांश, आणि निष्कर्षाला आधार देणारी सगळी माहिती हवी. ग्राहकाच्या शंकेनंतर सुधारित रिपोर्ट गेला असेल तर पहिला आणि सुधारित असे दोन्ही ठेवा. पहिल्यावर दुसरा सेव्ह करणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक.

आधाराची माहिती म्हणजे जागेवर हाताने काढलेलं, आकडे असलेलं मूळ स्केच, सगळे फोटो (रिपोर्टमध्ये न वापरलेलेही), कर-नोंदी, आणि प्रत्येक तुलनात्मक विक्रीचं एमएलएसचं (एजंटांच्या सामायिक मालमत्ता-यादीचं) पान. पानाची नुसती लिंक ठेवू नका. पान बदलतं, किंवा कंपनी सोडल्यावर तुमचा प्रवेश बंद होतो. त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. एजंटशी फोनवर बोललात तर तारीख आणि काय कळलं ते दोन ओळींत लिहा. समायोजनाचा आकडा कुठून आला त्याचं गणित तर हवंच हवं. फाइलमध्ये सर्वांत जास्त वेळा हेच नसतं, आणि प्रश्न सर्वांत जास्त यावरच विचारले जातात.

फाइल किमान 5 वर्षं ठेवायची. त्या कामाबद्दल न्यायालयीन प्रकरणात साक्ष दिली असेल तर प्रकरण अंतिम निकाली निघाल्यावर किमान 2 वर्षं. या दोहोंत जी मुदत नंतर संपते ती धरायची.

प्रश्न : अर्ध्याहून अधिक काम माझं होतं, पण रिपोर्टमध्ये माझं नाव नाही.

हे गंभीर आहे. तुम्ही सही करत नसाल आणि मूल्यांकनात तुमचा लक्षणीय सहभाग असेल, तर सर्टिफिकेशनमध्ये (रिपोर्टमधल्या सही केलेल्या प्रतिज्ञापनात) तुमचं नाव आणि रिपोर्टमध्ये त्या मदतीचं स्वरूप यायलाच हवं. नाव नसताना लॉगमध्ये तास दाखवले की दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात, आणि अडचणीत सुपरवायझरही येतात. गेलेल्या रिपोर्टच्या प्रतीला हात लावू नका. त्या तासांबद्दल मंडळाला लेखी विचारा. इथून पुढे रिपोर्ट पाठवण्याआधी तो परिच्छेद स्वतः वाचा, आणि त्यातली कामाची यादी लॉगमधल्या शब्दांशी जुळवून घ्या.

तुम्ही सर्टिफिकेशनवर सही करत असाल तर आणखी एक नोंद लागते. त्याच मालमत्तेसंबंधी मागच्या 3 वर्षांत काही सेवा दिली होती का, हे तिथे सांगावं लागतं. लॉग पत्त्यानुसार शोधता येईल अशा तक्त्यात असेल तर उत्तर क्षणात मिळतं.

प्रश्न : पुढच्या महिन्यात सुपरवायझर बदलतोय. काय सांभाळू?

जुन्या सुपरवायझरचा लॉग तिथेच बंद करा, शेवटच्या नोंदीपर्यंत सह्या घ्या. नव्यांचा लॉग वेगळा सुरू होतो. निघाल्यानंतर सहीसाठी फोन करत बसणं फार त्रासाचं होतं, आणि माणूस निवृत्त झाला किंवा दुसऱ्या राज्यात गेला तर तास अडकतात.

वर्कफाइल बहुधा कंपनीकडेच राहतील. त्या किती काळ ठेवल्या जातील, गरज पडली तर तुम्हाला कशा पाहता येतील आणि कोणाकडे मागायच्या, हे पत्राने किंवा ईमेलने ठरवून घ्या. तोंडी ‘कधीही या’ पुरत नाही. तुम्ही काम केलेल्या रिपोर्टच्या प्रती मागा. त्यात ग्राहकाची गोपनीय माहिती असते, तेव्हा त्या पासवर्ड लावलेल्या जागी ठेवा आणि नव्या कार्यालयात नमुना म्हणून दाखवू नका.

नव्या सुपरवायझरचं नाव मूल्यांकनकारांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पाहून घ्या. प्रमाणपत्र मिळून त्यांना किमान 3 वर्षं झालेली असावीत, आणि तुम्हाला धरून त्यांच्या हाताखाली एका वेळी 3 पेक्षा जास्त ट्रेनी नसावेत. पाहिलेल्या पानाची तारखेसह प्रत काढून नव्या लॉगच्या पहिल्या पानामागे लावा.