किंग टायगर: चिलखत जबरदस्त, पण इंजिन पँथरचंच

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धातल्या किंग टायगर या जर्मन जड रणगाड्याचं पुढचं चिलखत जवळजवळ अभेद्य होतं तर मग त्याने युद्धात फरक का पडला नाही. समोरासमोर गाठ पडली तर शर्मन या अमेरिकन रणगाड्यातल्या लोकांचे खरंच हाल व्हायचे, 150 मिमीचं चिलखत आणि तेही तिरकं बसवलेलं, वर लांब नळीची 88 मिमी तोफ. पण चिलखताचे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि इंजिन बघा, सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

पँथर हा जर्मनांचा दुसरा, हलका रणगाडा साधारण 45 टनांचा, त्याला मायबाख कंपनीचं एचएल 230 इंजिन. किंग टायगर जवळपास 70 टनांचा, त्यालाही तेच इंजिन! कागदावर 700 हॉर्सपॉवर, पण इंजिन टिकावं म्हणून आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, कमी ठेवायचे, म्हणजे तेवढीही ताकद हातात नाही. आणि नुसतं इंजिन नाही, एवढं ओझं ओढायचं म्हणजे ताण येतो गिअरबॉक्सवर आणि फायनल ड्राइव्हवर, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकाला जोर देणाऱ्या शेवटच्या गिअरवर, आणि नवख्या ड्रायव्हरने मऊ जमिनीत जोरात वळवला की तेच जायचे. 1944 मध्ये नवखे ड्रायव्हरच जास्त, कारण ट्रेनिंगसाठी इंधनच उरलं नव्हतं.

इंधनाचं तर विचारूच नका. टाकीत 860 लिटर मावायचं, त्यात रस्त्यावर 170 किमी आणि शेतातून वगैरे 120, म्हणजे दर किलोमीटरला 5 ते 7 लिटर, आणि ऑगस्ट 1944 मध्ये रोमानियाचं तेलही जर्मनीच्या हातचं गेलं.

रेल्वेने न्यायचा तरी कटकट, लढाईचे पट्टे 800 मिमी रुंद, ते वॅगनच्या बाहेर येतात म्हणून काढून 660 चे चढवायचे आणि उतरल्यावर परत उलटं. बंद पडला तर ओढायला 18 टनी हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या गाड्या) एकाला एक जोडून लावायचे, ते वेळेत आले नाहीत तर क्रू स्वतःच रणगाडा उडवून द्यायचा.

बाजूचं चिलखत 80 मिमीचंच होतं हे लोक विसरतात. ऑगस्ट 1944 मध्ये पोलंडमध्ये ओग्लेंदूवजवळ असे बरेच किंग टायगर लढाईआधी रस्त्यातच बंद पडले, जे पोचले त्यातले तीन ओस्किन नावाच्या सोव्हिएत अधिकाऱ्याच्या लपवून ठेवलेल्या एकाच टी-34-85 रणगाड्याने बाजूने मारून फोडले. मला हा प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो.

संख्याही बघा, ऑर्डर 1500 ची, बनले 492 च, कारण कासेलच्या हेन्शेल कारखान्यावर बॉम्ब पडत होते, आणि तिकडे शर्मन 49 हजारांच्या आसपास.

बेल्जियमच्या आर्देन या डोंगराळ जंगली भागात डिसेंबर 1944 ला जर्मन अधिकारी पायपरने किंग टायगर आपल्या ताफ्यात मागेच ठेवले होते, अरुंद डोंगरी रस्ते आणि छोटे पूल, दुसरं करणार काय. त्रुआ-पों गावातले पूल अमेरिकन इंजिनिअर्सनी उडवले, पायपर वळसा घालून ला ग्लेझ गावात अडकला, पेट्रोल संपलं, आणि 24 तारखेच्या पहाटे साधारण 800 जण सगळ्या गाड्या तिथेच टाकून बर्फातून पायी निघाले. त्यातला 213 नंबरचा किंग टायगर आजही त्या गावातल्या म्युझियमसमोर उभा आहे.